दोन डाव्या बाह्या आणि उणे पाच

आमचा मामा शिंपी. कोटाचा शिंपी, हे तो आवर्जून सांगतो. नुसती बटणं लावणाऱ्यांत आपल्याला धरू नये, असा त्याचा आग्रह असतो. दुकान खाली, घर वर. दुपारी जेवणं झाली की कापड बेतायचं लांब टेबल मोकळं करायचं, खडू आणि पट्टी बाजूला सारायची आणि मामीबरोबर बुद्धिबळाचा एक डाव मांडायचा, हा लग्नापासूनचा नेम. पांढरी कायम मामीची. पहिल्याच डावाला तिने "पहिली चाल कोणाची?" विचारलं आणि मामा भिडेखातर "तुझी" म्हणून बसला. तेव्हापासून घरातही पहिली चाल तिचीच असते.

त्याच्या फोनमध्ये बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं ते मी. खेळलेल्या चाली त्यात भरायच्या, की प्रत्येक चालीनंतर कोणाचं पारडं किती जड ते आकड्यात दिसतं. एक म्हणजे साधारण एका प्याद्याएवढं, तीन म्हणजे घोड्याएवढं. पटाच्या कडेला एक उभी पट्टी, खालून पांढरी, वरून काळी. एवढं सांगून, चहा पिऊन मी निघून आलो. अर्धं शिकवून उठणं हा आमच्या शाळेचा संस्कार.

काही दिवसांनी पँट कमरेत सैल करून घ्यायला गेलो. (कापड आटलं होतं. हसू नका.) बघतो तर कात्री मामीच्या हातात, आणि कोपऱ्यात बसून मामा चक्क बटणं लावतोय.

"मामी, हे काय उलटंच?"

"विचार तुझ्या मामांनाच. कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, तेव्हापासून कात्रीला शिवत नाहीयेत. अरे, माणूस आहे, चुकतो! कापड होतं शिल्लक, दुसरी कापून लावली. पण ऐकतील तर ना."

"दोन्ही हात डावेच असलेलं गिऱ्हाईक शोधायचं की," मी म्हटलं. मामा हसला नाही. मला ओढतच जिन्यात घेऊन गेला.

"माझं डोकं चाललंय रे," तो हळूच म्हणाला. "आप्पांसारखं."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. शेवटी शेवटी ते समोर बसलेल्या मामालाच विचारायचे, "आमचा मुलगा कधी येतो हो दुकानातून?" मामा सांगायचा, "येईल इतक्यात." मग माझी चेष्टा जिभेवरच राहिली.

"एका बाहीवरून असं ठरतं होय?"

"बाहीवरून नाही. हे बघ." त्याने फोन काढला. "बाह्यांच्या दिवशीचा डाव. सकाळी बाह्या चुकल्या, दुपारी हा. अधिक सहावर होतो मी! आणि एका चालीत धाडकन उणे चार. तिथेच काहीतरी तुटलं. मग रोज तेच. उणे दोन, उणे तीन, काल तर उणे पाच. आणि ही काळी पट्टी... वरून खाली उतरतच येते बघ."

"पण काल जिंकलं कोण?"

"मी."

"परवा?"

"मीच. तीच तर गोम आहे! उणे पाचवाला माणूस जिंकेल कसा? ती जिंकू देते मला. तिला कळलंय सगळं, बोलत नाही इतकंच."

मी आकड्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि जिन्यातच बसलो.

"मामा, तू काळी घेतोस."

"विषय बदलू नकोस."

"हाच विषय आहे. हा आकडा तुझा नाहीच. तो कायम पांढऱ्याच्या बाजूने बोलतो. अधिक म्हणजे पांढरी पुढे, उणे म्हणजे काळी पुढे. उणे पाच म्हणजे काल तू मामीला धू धू धुतलंस."

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "मग ही काळी पट्टी?"

"तू."

"मी?"

"तूच येतोयस वरून उतरत."

मामा पट्टीकडे बघत राहिला, आरशात बघावं तसा.

"आणि डोकं गेलेला माणूस," मी म्हटलं, "दुपारचा अख्खा डाव संध्याकाळी आठवून फोनमध्ये भरतो? मला सकाळी काय खाल्लं ते सांगता येणार नाही."

"ते तुझ्या पँटला विचार," मामा म्हणाला. तेव्हा जिवात जीव आला.

मामी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती. "म्हणजे आठवडाभर मी खरीखुरी हरत होते? आणि यांना वाटलं, मी दया करतेय? अहो, काल रात्री रागाने जेवले नाही मी!"

"थांब जरा." मामाने पुन्हा बाह्यांच्या दिवशीचा डाव उघडला. "म्हणजे इथे अधिक सहा होती ती तू. जिंकत आली होतीस."

मामाने एक चाल पुढे नेली. पांढरा वजीर सरळ हत्तीच्या तोंडात. ॲपने शेजारी लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं ठोकली होती, घोडचुकीची खूण.

"वजीर असा उघड्यावर ठेवलास?"

"वर दूध उतू जात होतं. लक्ष नव्हतं माझं."

"त्या दिवशी दूधवाला आलाच नव्हता," मामा म्हणाला. "कोरा चहा प्यायलो आपण."

"हे बरं लक्षात राहतं!" मामी म्हणाली आणि पदराने उगाचच जिन्याचा कठडा पुसू लागली.

मामाने तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "आण इकडे. बाही कापतेयस की पिशवी?" टेबलाशी जाऊन त्याने कापड सारखं केलं, खडूची रेघ पुसून नवी ओढली. मग त्या रेघेवर कात्री ठेवून थांबला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"त्या चालीला दोन प्रश्नचिन्हं दिलीत याने," तो म्हणाला. "काढता येतात का बघ."