पहिलं ‘नको’

पुणे स्टेशनच्या फलाटावरच्या वजनाच्या यंत्रात मी दहा नये पैसे टाकले आणि गाडी सुटायच्या आधीच माझा प्रवास बिघडला. यंत्रानं खटकन तिकीट बाहेर टाकलं. वजन दिवाळीपूर्वी होतं तेवढंच. तिकिटाच्या मागं छापलं होतं की आपली लवकरच भरभराट होईल. मी ते फाडून रुळांवर टाकलं आणि डब्यात जाऊन बसलो.

माझ्या या चिडीचं कारण सांगितलं पाहिजे. आमच्या वडिलांना सेहेचाळिसावं वर्ष पुरं करता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, दादा, अकोल्याला त्याच वयात गेला. दोघंही अंगानं चांगले भरलेले, आणि दोघांचंही हृदयच थांबलं. मी पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला आणि म्हणाले, “तीस पौंड उतरवा. मग पुढचं बोलू.” मी घाबरलो. भात सोडला, रात्रीचं धान्य सोडलं, रोज पहाटे पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ लागलो. त्या तीसांतलं निम्मं भराभर उतरलं. मग जे थांबलं ते थांबलंच. तेच चालणं, तेच खाणं, तोच काटा. डॉक्टरांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हवापालट करून बघा.” त्यांनाही काही सुचत नव्हतं असं मला वाटतं. मी महिन्याची रजा काढली आणि वऱ्हाडची वाट धरली. अमरावतीला माझा कॉलेजातला मित्र वकिली करतो, आणि अकोल्याला वहिनी एकट्या राहतात.

मनमाडला गाडी बदलली. भुसावळ मागं पडलं तशी जमीन काळी होत गेली, आणि रुळांच्या कडेनं कापसानं भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) दिसू लागल्या. शेगावला समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या गृहस्थानं कचोऱ्या घेतल्या आणि एक द्रोण माझ्यापुढं धरला.

“घ्या.”

“नको, नको.”

“काहून? घ्या ना बाप्पा. आमच्याकडच्या हायेत.”

आपल्याकडं पहिलं ‘नको’ कुणी धरत नाही. दुसरंही नाही. तिसऱ्या ‘नको’ला समोरचा थोडा थबकतो आणि मग वाढतो. खाणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून तोही पहिली दोन ‘नको’ बिनधास्त म्हणतो. मी तिन्ही म्हटली आणि दोन कचोऱ्या खाल्ल्या.

बडनेऱ्याला उतरून टांग्यानं अमरावतीत पोचलो. अंबापेठेत मित्राचं घर. त्याच्या पत्नीनं माझ्या पथ्याची चौकशी केली, आणि रात्री मी धान्य खात नाही हे ऐकून तिला गहिवरच आला. त्या रात्री माझ्यापुढं साबुदाण्याचे वडे, भगर, दाण्याची आमटी, गूळ-तुपात परतलेली रताळी आणि वर आटवलेलं दूध आलं. डॉक्टरांचा शब्द मी मोडला नाही. धान्याचा कण पोटात गेला नाही.

“एवढ्यानं का होते?” मित्र बायकोला म्हणाला. “उपाशी नको ठेवू वं यायले.”

दिवसा वेगळीच पंगत. त्याच्या एका पक्षकाराचं चांदूर बाजारकडं शेत होतं, तिथं हुरड्याला गेलो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली कोवळी कणसं, तळहातावर चोळून फुंकलेले हिरवे दाणे, सोबत लसणाची चटणी. परतल्यावर रोडगे. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, विस्तवात भाजायचे, फोडायचे आणि त्यांत तूप ओतायचं. तूप दिसेनासं झालं की आणखी ओतायचं. सोबत वांग्याची भाजी, तिच्या तिखटानं कानांतून वाफा येतात, आणि त्यावर उतारा म्हणून पुन्हा रोडगा.

पथ्याबद्दल मी ज्याला त्याला विचारत सुटलो, ही माझी चूक. वकील म्हणाला, फक्त संत्री खा. शेजारी आखाड्यात जाणारे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, संत्र्यानं अंग फुगतं, दूध प्या आणि दंड काढा. त्यांच्या आईनं सांगितलं, दूध तर मुळीच नको, गरम पाण्यात मध. मी दोन दिवस तिघांचंही ऐकलं. पहाटे मात्र पुण्यासारखाच चालत होतो, वडाळीच्या तलावाकडं जाऊन माघारी. आठव्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर पुन्हा यंत्रावर उभा राहिलो. वजन दोन पौंड वाढलं होतं. मी त्या यंत्राला लाथ मारायची तेवढी बाकी ठेवली. सगळं सोडून बसलेल्या माणसाचं वजन वाढतंच कसं, हे कोडं घेऊन मी अकोल्याला उतरलो.

वहिनी स्टेशनवर आल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवतात, मुलगी लग्न होऊन खांडव्याला असते. दादा असताना मी आलो की या घरात जेवण म्हणजे चढाओढ असायची. आम्ही दोघं भाऊ पाटावर, आणि वहिनी तुपाची पळी घेऊन उभ्या. त्यांना ‘नको’ हा शब्द ऐकूच येत नसे. या वेळी मी आधीच मनाची तयारी केली होती की इथं पथ्याचा निभाव लागायचा नाही, आणि खरं सांगायचं तर मनातून मला बरंही वाटत होतं.

ताटात एक ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कांदा आणि वाटीभर पातळ ताक. संपलं. वहिनी दुसरी भाकर घेऊन आल्या.

“वाढू का, भाऊजी?”

“नको,” मी म्हटलं. पोटात कावळे ओरडत होते.

वहिनींनी भाकर परत टोपलीत ठेवली आणि माझ्यापुढं हात धुवायला पाणी आणलं.

मी थक्क झालो. त्यांचं लक्ष नसेल असं समजलो. संध्याकाळी म्हटलं, “वहिनी, रात्री मी धान्य घेत नाही. थोडा फराळ असला तर...”

“फराळ नाई करत मी आता. भाकरच खा.”

“पण डॉक्टरांनी...”

“एका भाकरीनं मानूस मरत नाई,” त्या म्हणाल्या, आणि का कोण जाणे, चुलीकडं तोंड फिरवून बसल्या.

पुन्हा एक भाकर, पुन्हा “वाढू का?”, जिभेच्या सवयीनं पुन्हा माझं “नको”, आणि पुन्हा टोपली बंद. तुपाची पळी तर दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला निघालो तर त्या अंगणातून म्हणाल्या, “भाऊजी, गडी गावाले गेला. पानी ओढता का?” अंगणात खोल विहीर, आणि मागं केळी, पपया, फुलझाडं. पुण्याहून आलेल्या दिराला कुणी पाणी ओढायला लावतं का? पण मी ओढलं. दहा बादल्यांत हात भरून आले, छातीचा भाता झाला. वहिनी पायरीवर बसून बघत होत्या. “दमले का? मंग थांबा,” असं त्या लगेच म्हणायच्या. पण उठून दोर काही हातात घ्यायच्या नाहीत.

गडी आलाच नाही. पाणी ओढून झालं की ज्वारी आणायला बाजारात, दळायला गिरणीत, मोर्णा नदीच्या पलीकडं जुन्या शहरात राजेश्वराला बेलपत्र वाहायला. बाजाराच्या वाटेवर जिनिंगच्या कारखान्यांच्या भिंतींबाहेर बंड्यांची रांग लागलेली, आणि हवेत उडणारा कापूस भुवयांना चिकटायचा. मला हे गाव आवडत होतं. पण माझं मन त्यात नव्हतं. वहिनींना माझं येणं आवडलं नाही का? दादा गेला तेव्हा मी वेळेवर पोचलो नव्हतो, त्याचा राग आहे का? की माझं तोंड दादासारखं आहे म्हणून बघवत नाही? जेवताना त्यांची नजर माझ्या ताटावर असायची. मी “नको” म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसायचं. ते काय होतं ते मला कळत नव्हतं, आणि त्यानं मी आणखीच दुखावत होतो. चौथ्या दिवशी मी हट्टानं “हो, वाढा” म्हटलं. त्यांनी निमूटपणे अर्धी भाकर वाढली. त्याचाही मला राग आला.

तिसऱ्या आठवड्यात कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. मी म्हटलं, पट्टाच ताणला असेल.

निघायच्या दिवशी सकाळी पाणी ओढून झालं आणि माझा धीर सुटला. “वहिनी, माझं येणं नको झालं असेल तर तसं सांगा. मी पुन्हा येणार नाही. पण या घरात मला कधी कुणी असं मोजून वाढलं नव्हतं.”

त्या केळीच्या आळ्यात पाणी सोडत होत्या. बादली खाली ठेवली.

“मी कुठं मोजलं, भाऊजी? तुमी नको म्हनलं, मी थांबली.”

“तसं ‘नको’ सगळेच म्हणतात.”

“हाव. तेबी म्हनत.” दादाबद्दल त्या बोलत होत्या. “त्या रात्री त्यायनं नको म्हनलं. म्हने, आज जीव घाबरून राहिला, नको वाढू. तीनदा म्हनलं. मले वाटलं, नेहमीचंच हाये. मी दोन रोडगे वाढले अन् वरून तूप. त्यायनं खाल्ले. मले वाईट वाटू नये म्हनून खाल्ले. पहाटे गेले. डॉक्टर म्हनते, रोडग्यानं काई झालं नाई, जानारच होते. डॉक्टर म्हनो. मले तर ते ‘नको’ आठोते ना.”

दोर हातात होता, तो उगीच गुंडाळत बसलो.

“तुमी आधी यायचे तवा तुमालेबी तसंच वाढलं,” त्या म्हणाल्या. “आता नाई वाढत. कोनालेच नाई.”

“आणि पाणी?”

“पानी ओढाले खरंच कोनी नवतं,” वहिनी म्हणाल्या, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसल्या.

अकोल्याच्या फलाटावर त्यांनी स्वतःच यंत्रात पैसे टाकले. तिकीट निघालं ते त्यांनी आधी वाचलं, मग माझ्या हातात दिलं. नऊ पौंड उतरले होते. मी पुन्हा उभा राहिलो, पुन्हा तेच. कशानं उतरले? भाकरीनं, विहिरीनं, की साबुदाणा सुटला म्हणून? वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, “मले काय मालूम.” गाडी हलली तेव्हा त्यांनी शिदोरी दिली. भाकर, ठेचा आणि एक वेगळा डबा. “लाडू पोराईसाठी हायेत. तुमाले पायजे तर मागून घ्या.”

पुण्यात पहिल्याच रात्री बायकोनं पान मांडलं. महिन्याभरानं नवरा घरी आला म्हणून तिनं पुरण घातलं होतं. मी एक पोळी खाल्ली आणि तुपाची पळी पुढं आली.

“नको.”

“असं काय करता? घ्या.”

मी ताटावर हात आडवा धरला. कोमट तूप माझ्या हातावर सांडलं आणि मनगटावरून ओघळलं. ती चिडली. मग मी तिला अकोल्याचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पळी खाली ठेवली आणि पदरानं माझा हात पुसला. त्यानंतर आमच्या घरात एकच ‘नको’ पुरतं, पाहुण्यांनाही. त्यामुळं काही पाहुणे उपाशी उठतात आणि आम्हाला चिक्कू म्हणतात, ते मला माहीत आहे.

उरलेलं वजन पुढं हळूहळू उतरलं. वाड्यातल्या विहिरीचं पाणी मी आता स्वतः ओढतो. डॉक्टरांनी विचारलं, “नेमकं काय बदललंत?” मला नीट सांगता आलं नाही, अजूनही येत नाही.

गेल्या महिन्यात मला सत्तेचाळिसावं लागलं. दादाहून मी आता मोठा झालो.