झाकणातली बिस्किटं

बाईंना पहिल्यापासून एक खोड होती. घाण दिसली की त्यांना गप्प बसवत नसे. त्यांनी लग्न केलं नाही तेही, लोक म्हणत, एकाही मुलाची नखं पसंत पडली नाहीत म्हणून. उभा जन्म प्रयोगशाळेत गेला. दुसऱ्यांच्या लेखांसाठी पेशींची चित्रं काढून द्यायची आणि लेखाच्या शेपटाला, बारीक अक्षरांत, आभार घ्यायचे. निवृत्तीला टेकल्या तेव्हा कुठे एका लेखावर त्यांचं नाव पहिलं लागणार होतं. धाकट्या बहिणीने ही बातमी अख्ख्या इमारतीत वाटूनही टाकली होती.

लेखात एकच दावा होता: अमुक औषध घातलं की रक्तातल्या तांबड्या पेशी आक्रसतात. बाईंचं होलोग्राफिक मायक्रोस्कोप पेशीला रंग लावत नाही की मारत नाही. लेसरचा किरण दोन वाटांनी जातो, एक पेशीतून, एक मोकळा. पुढे दोघांची गाठ पडली की कॅमेऱ्यावर पट्टे उमटतात आणि त्यांवरून संगणक पेशीची जाडी काढतो. शिवाय एकदा टिपलेल्या चित्रात मागाहून हवा तो थर स्पष्ट करता येतो.

लेख तपासणाऱ्यांनी विचारलं, पेशींच्या वर, पाण्याच्या थरात काय आहे? बाईंनी वरचा थर स्पष्ट केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. औषध घातलेल्या पेशींच्या काचेच्या डिशमध्ये खडबडीत तुकडे तरंगत होते. बिनऔषधाच्या डिशमध्ये एकही नव्हता.

त्या तडक विभागप्रमुखाच्या खोलीत गेल्या. हा त्यांचा कॉलेजातला वर्गमित्र. तेव्हा डबा खाऊन हात पँटला पुसायचा, आता कोटाला पुसतो, एवढीच काय ती प्रगती.

"प्रयोगाच्या दिवशी औषधाची डिश तू ठेवलीस ना रे? हे काय पडलंय त्यात?"

"बिस्किटाचा चुरा असेल. अगं, तुझ्या त्या खोलीत धड एक बशी नाही! डिशचं झाकण काढलं, त्यात बिस्किटं ठेवली, चहा प्यायलो. नंतर झाकण पुसून परत लावलं की."

"कशाने पुसलंस?"

"रुमालाने."

बाई दोन पावलं मागे सरल्या. तो रुमाल त्यांच्या पाहण्यातला होता.

"आणि डिश उघडी किती वेळ?"

"मध्येच फोन आला. असेल तासभर."

"त्या गरम खोलीत? डिशमधलं पाणी उडालं, त्यातलं मीठ दाट झालं, म्हणून पेशी आक्रसल्या. औषधाने नाही, मेल्या, तुझ्या चहाने!"

"हळू बोल गं." त्याच्या मिशीत आत्ताही काहीतरी ओलं अडकलेलं होतं. "चार कण आहेत. खालचा, पेशींचा थर तेवढा पाठव आणि मोकळी हो. पहिलं नाव तुझं आहे, माझं नाही."

बाईंनी नवी डिश घेतली. प्रयोग पुन्हा केला, या वेळी झाकण लावून, आणि खोलीला कुलूप घालून. औषधातल्या पेशी जशाच्या तशा गुबगुबीत. मग त्यांनी संपादकांना जुनं आणि नवं, दोन्ही चित्रं पाठवली आणि लेख मागे घेतला. प्रमुखाने विभागभर सांगितलं, बाईंचं डोकं फिरलंय, म्हातारपण! भल्याभल्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांनी ते चहापान डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

घरी बहीण कपाळाला हात लावून बसली. "अगं ताई, लोकांना आता काय सांगू मी?"

"सांग, बिस्किटांनी खाल्ला लेख."

बहिणीला हसू फुटलं. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. "पुन्हा कर ना गं नवीन काहीतरी. अजून वर्ष आहे तुझं."

"कुणाबरोबर? त्याच्याबरोबर?" बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच ओकारी आली. त्या उठून मोरीकडे गेल्या.