जॉबरमामांचा कान

अक्कलकोट रोडच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायला एक जॉबर येतात. आल्याबरोबर मागाला हात न लावता ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकतात आणि बिघाड कुठे आहे ते अचूक सांगतात. त्यामुळे गाण्यातलंही आपल्यालाच कळतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

सध्या ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाजणाऱ्या एका बँडवर त्यांचा विशेष राग. मी गाणं लावलं की ते शिवण उसवावी तसं उसवतात. “ही ओवी धनगराची. ढोलकी तमाशाची. गिटार सायबाची. ह्यांचं सोताचं काय हाय वो?”

“मामा, आपल्या चादरीचं सूत तरी आपलं कुठं असतं?” मी एकदा विचारलं.

“वीण आपली असती की!” ते तडकले. मग आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन उगाच पाना शोधू लागले.

चालू माग बंद करणाऱ्याला मामा शिव्या घालतात. परवा सुट्टी होती, दुरुस्तीपुरता एकच माग चालू होता आणि मी त्याच बँडचं नवं गाणं लावलं होतं. ओवी म्हणता म्हणता गाणाऱ्या मुलीचा आवाज चिरकला. बँडवाल्यांनी तो गाण्यात तसाच ठेवला होता. मामांनी खटकन माग बंद केला आणि डोळे मिटून उभे राहिले.

गाणं संपल्यावर मी विचारलं, “मागाला काय झालं?”

“मागाला काय व्हतंय? चांगला हाय की,” डोळे न उघडताच ते म्हणाले. “परत लाव.”