केळझरला नेमका कोण राहिला

माझ्या भावाच्या आजाराची आमच्या घरात पाच कारणं सांगितली जातात. बाविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. त्यानंतरच्या तीस वर्षांत जवळच्या प्रत्येकाने आपापलं कारण पक्कं करून ठेवलं. वडिलांचं म्हणणं, तो फार वाचायचा. मी त्याच्या दुप्पट वाचायचो, पण हे त्यांनी कधी जमेस धरलं नाही. काकूंच्या मते लहानपणीचा ताप डोक्यात गेला. ताप आम्हा दोघांनाही आला होता. आत्याचं कारण म्हणजे चिंचेचं झाड. तो दुपारी त्याच्याखाली झोपायचा. त्या झाडाखाली आमचं अर्धं गाव, अर्धं नाचणगाव झोपतं. उरलेली दोन कारणं याहून कच्ची आहेत.

आईने मात्र कधीच कारण सांगितलं नाही. विषय निघाला की ती भाजी निवडायला घ्यायची. निवडलेली असली तरी पुन्हा निवडायची.

मी आणि भाऊ जुळे, चेहरामोहरा एकच. मी वर्ध्याच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम केलं आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी आलो. तो गावातच राहिला. वेळेवर गोळ्या घेतो, दोन एकरांत वांगी, पालक आणि सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो, आणि पुलगावच्या बाजारात नेऊन विकतो. बाजारात लोक मला थांबवून कालच्या वांग्यांची तक्रार करतात. मी ती ऐकून घेतो आणि घरी आल्यावर त्याच्यापर्यंत पोचवतो.

गेल्या हिवाळ्यात एक संशोधक मुलगी घरी आली. भावाच्या डॉक्टरांनी तिला आमचा पत्ता दिला होता. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार होतो आणि दुसऱ्याला पुष्कळदा होत नाही, ते का, हे तिला शोधायचं होतं. दोघांची जनुकं जवळजवळ तीच असतात, ती सांगत होती, पण आयुष्यभर त्यांच्यावर रासायनिक खुणा बसत जातात. त्यामुळे काही जनुकं गप्प होतात, काही बोलती राहतात. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. मी म्हणालो, आमच्याकडे एकच बातमी दोन आवृत्त्यांना जायची; एका टेबलावर तिसरा परिच्छेद कापला जायचा, दुसऱ्यावर राहायचा. ती म्हणाली, साधारण तसंच, फक्त इथे कापणारा कुणी एक नसतो. पोटात असतानाची उपासमार असते, आईचं आजारपण असतं, लहानपणचा ताण असतो, आणि बरंचसं तर योगायोगानेच होतं.

भाऊ ऐकत होता. माझ्याकडे बोट करून तो तिला म्हणाला, "मंग माह्या डोक्यात जे बोलत होते, त्यायचा तिसरा परिच्छेद कोणी कापला नाई वाटते. मराठी मात्र याच्या पेपरपेक्षा बरं बोलत."

मुलीने हे लिहून घेतलं नाही. तिने आम्हा दोघांचं रक्त घेतलं, मग चौदा पानांचा फॉर्म काढून आईसमोर बसली. गरोदरपणात उपास केले का, या प्रश्नाला आईने "सगळे" असं उत्तर दिलं. ताप, पडझड, गोवर, सगळं तिला महिन्यानिशी आठवत होतं. नवव्या पानावर प्रश्न होता: पहिल्या पाच वर्षांत जुळ्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवलं होतं का?

"नाई," आई म्हणाली. "दोघंही माह्यापाशीच होते."

हे खरं नव्हतं. नऊ महिन्यांचा असताना भावाला आईच्या माहेरी, केळझरला पाठवलं होतं. दोघांना पुरेल एवढं दूध तिला येत नव्हतं. तो तिथे दीड वर्ष राहिला, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. मुलीने 'नाही'च्या चौकोनात फुली मारली.

ती गेल्यावर आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडताना, वर न बघता, तिने मला विचारलं, "केळझरचं लिहिलं असतं, तं त्यायच्या मशीनीत माहं नाव निघालं असतं काय?"

घरातलं सहावं कारण मला असं कळलं. तीस वर्षं ती ते एकटीच जवळ धरून होती.

मी तिच्यासमोरच डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. त्यांनी सांगितलं, रक्तातल्या खुणा म्हणजे मेंदूतल्या खुणा नव्हेत. त्यातल्या काही गोळ्यांमुळेही आलेल्या असू शकतात. हजारो माणसांच्या नोंदी एकत्र केल्यावर काही थोडं दिसतं. एका घरातल्या एका बाईचा दोष त्यातून निघत नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टर भले आहेत, ती म्हणाली, भल्या माणसाला असं बोलावंच लागतं. मग मेथीची निवडलेली जुडी तिने पुन्हा सोडली.

पुढच्या चतुर्थीला आम्ही तिघं केळझरला गेलो. आई दर चतुर्थीला जाते. गणपतीचं दर्शन आणि मग मामाजींकडे चहा, हा क्रम ठरलेला आहे. मामाजी म्हणजे आईचे थोरले भाऊ, ऐंशीच्या पुढे आहेत. चहा आला तेव्हा भावाने सरळ विषय काढला. मेथीच्या वेळी तो मागच्या दारात होता, हे मला तेव्हा कळलं.

"मामाजी, तुमच्या घरी दीड वर्ष राहून मी बिघडलो मने. आईचं म्हणणं आहे."

आईने तोंड फिरवलं. मामाजींनी कप खाली ठेवला.

"पण सारा वेळ तूच होता, हे कोणी सांगितलं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पावसाळ्याआधी एक मूल केळझरला आलं. दिवाळीला आई दुसऱ्याला घेऊन माहेरी आली आणि आठ दिवस राहिली. आम्हाला ओळखायची खूण एकच होती: माझा करदोडा लाल, भावाचा काळा. पण तेल लागून लागून दोन्ही सारखेच काळे झाले होते. आमच्या आजीने दोघांना न्हाऊ घातलं, जुने करदोडे कापले आणि नवे बांधले, एक लाल, एक काळा. कोणता कोणाचा, असं मामाजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दोन्ही आपलेच आहेत. आई जाताना लाल करदोड्याचं मूल घेऊन गेली.

"दादा, तू मले कधी सांगितलं नाई," आई म्हणाली.

"मले वाटलं, तुले ओळखू येत असन. आईले येते म्हणतात."

एकाच माणसाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, ही माझी सवय. मी दुसरा पुरावा मागितला. मामाजींनी त्या दिवाळीचा फोटो काढून दिला. त्यात दोन मुलं आजीच्या मांडीवर आहेत, दोघांनाही झबली आहेत आणि करदोडे झाकलेले आहेत. अंगावरची एकमेव खूण म्हणजे माझ्या हनुवटीवरचा व्रण, तो सातव्या वर्षीचा. तेव्हा दिवाळीआधी केळझरला कोण होतं, हे सांगता येत नाही. माझ्या नावाने मीच वावरतो आहे का, हेही नाही.

भावाने फोटो बराच वेळ पाहिला.

"म्हणजे तीस वर्षं मी तुह्या गोळ्या खाऊन राह्यलो," तो मला म्हणाला.

मामाजी हसले. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, हे मी बसलो होतो तिथून दिसलं नाही.

परतताना ऑटोत तिने हिशेब मांडून पाहिला. पूर्ण दीड वर्ष हाच तिथे असेल तर जाण्याने झालं. दिवाळीला अदलाबदल झाली असेल तर दोघंही जाऊन आले, तरी एकालाच झालं. दोन्हीकडून काही लागेना. भाऊ म्हणाला, एका पुडीचं बी, एक वाफा, एकच पाणी. तरी कोणतं रोप वाकडं जाईन हे मले अजून सांगता येत नाई. आई म्हणाली, तू रोप नाहीस. तो म्हणाला, वांगं तरी म्हण.

घरी पोचताच तिने मला त्या मुलीला फोन लावायला लावला.

"बेटा, मी खोटं बोलली होती. एक पोरगं केळझरले होतं."

मुलीने विचारलं, कोणतं. एकच की आळीपाळीने दोघंही, ते कोणालाच माहीत नाही, असं आईने सांगितलं. फॉर्मवर दोनच रकाने होते, पहिला जुळा आणि दुसरा जुळा. आई म्हणाली, दोन्हीत लिही. तसं लिहिलं तर हे उत्तर अभ्यासात धरता येणार नाही, असं मुलीने नम्रपणे सांगितलं.

"नको धरू," आई म्हणाली. "पण ती फुली तेवढी खोड."

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. ताट सरकवल्यावर तिने भावाला विचारलं, "गोळी घेतली काय?" हा प्रश्न ती रोज विचारते. मग माझ्याकडे वळली आणि मलाही विचारलं.