तेलाशिवाय दहा मिनिटं

माझ्या मामेसासऱ्यांइतकं लाकूड समजलेला माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नाही, आणि असलाच तर तो माणूस नसून झाड असला पाहिजे. माझी बायको लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढली, त्यामुळे नात्याने मामेसासरे असले तरी माझे खरे सासरे तेच. नांदगावच्या बाजूला डोंगराच्या उतारावर त्यांचं घर, घरामागे काजू आणि त्याच्या वर ऐन, किंजळ, आकेशिया असं मालकीचं रान. वीस वर्षांपूर्वी आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला घरात नेलंच नाही. "घर खंय पळान जाता? पयली लाकडां बघा," म्हणत ते आम्हाला मागच्या खोपीत घेऊन गेले. तिथे छपराला टेकेपर्यंत जळणाची फाटी रचलेली होती. न्हाणीची वेगळी, भाताची वेगळी आणि चतुर्थीच्या मोदकांची तर सगळ्यात वेगळी, कारण काजूचं लाकूड तडतडतं आणि त्या आवाजाने म्हणे मोदक फुटतात. माझ्या वडिलांनी भीत भीत विचारलं, "मुलगी किती शिकली आहे?" मामा म्हणाले, "ग्रॅज्युएट आसा. आणि ह्यो ढीग तिनांच रचल्यान." मुलगी तिथल्या तिथे पसंत झाली. ढीग तिने रचला नव्हता हे मला लग्नानंतर कळलं.

झाड तोडायचं तर मामा त्याला आठ दिवसांची नोटीस देतात. बुंध्यावर हात ठेवून, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता सांगतात, "आठ दिस आसत तुका. पाखरांका सांग, मुंगयांका सांग. मगे मी येतंय." एका किंजळीला अशी नोटीस दिल्यावर सातव्या दिवशी तिला पालवी फुटली. मामा करवत खांद्यावर घेऊन गेले तसे परत आले. "स्टे हाडल्यान तिना," म्हणाले. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली, किंजळ अजून उभी आहे आणि मामांच्या म्हशी तिच्याच सावलीत बसतात. त्यांचे कान तर विचारूच नका. समोरच्या डोंगरात कुणी झाड कापायची मशीन सुरू केली की मामा पानावर बसल्याजागी सांगणार, मशीन कुणाची, चेनला धार आहे की नाही आणि लाकूड ओलं की सुकं. एकदा तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीवरून ते तसेच उठले. "फणस कापतत! फळतो फणस कापतत रे मेले!" हातातला भात तसाच ठेवून दोन शेतं ओलांडून गेले. आंबा होता, तोही वाळलेला. परत येऊन हात धुता धुता म्हणाले, "आंबो खरो, पण रडत होतो फणसासारखो."

अशा माणसाच्या घरातली लाकूड कापायची मशीन म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. पंधरा वर्षं त्यांनी ती सांभाळली. लहानशी, अठरा इंची बारची, म्हणजे चेन ज्या पट्टीवरून फिरते ती पट्टी हातभर लांब. या मशीनला पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळून द्यावं लागतं. ते मिसळणं हा मामांच्या घरातला सोवळ्याचा प्रसंग. खोकल्याच्या औषधाचं टोपण डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून ते तेल मोजत. मग कॅनचं तोंड बंद करून तो चाळीस वेळा हलवत. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. मध्ये हाक मारली की पुन्हा एकपासून. पोस्टमन एकदा बाविसाव्या हेलकाव्याला अंगणात आला होता, तो चाळीस पूर्ण होईपर्यंत हातात पत्र धरून तसाच उभा राहिला. मामांना सगळं चुकेल, पण तेल चुकणार नाही, हे आमच्या सगळ्या गोतात ठाऊक होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. टपालावर शिक्का उलटा पडला तरी मला दोन दिवस घास गोड लागत नाही. असा माणूस शिमग्यानंतर एका रविवारी मामांकडे गेला. मामा विजयदुर्गला लग्नाला गेले होते. वाटेवर आकेशियाची फांदी मोडून पडली होती. मामा येईपर्यंत आपण ती कापून ठेवू, खूश होतील, असं मला वाटलं. कॅन रिकामा होता, म्हणून मी माझ्या मोटरसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढलं आणि मशीनमध्ये ओतलं. तेल नंतर घालू असं मी म्हटलं नाही. तेल नावाची वस्तू जगात आहे हेच त्या क्षणी मला आठवलं नाही. मशीन दहा मिनिटं अशी चालली की विचारू नका. मग तिने एक किंकाळी फोडली, धूर सोडला आणि थांबली. सुरू करायची दोरी जागची हलेना. मी मशीन फडक्याने पुसली, पेटीत ठेवली, वर पूर्वीसारखं गोणपाट घातलं आणि आत जाऊन घावणे खाल्ले. चार खाल्ले. हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मामा परत आले आणि घरात आकांत झाला. तिठ्यावरचा मेकॅनिक मामांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याने मशीन खोलली आणि एका वाक्यात निदान केलं, "मामानू, त्याल नव्हतां." बस. मामा मशीन काखेला मारून तिथून जे उठले ते त्याच्याशी बोलायचे बंद झाले. "माका सांगता त्याल नव्हतां! माका!" शेजाऱ्याच्या नजरेपासून राहूपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. जावयाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडे जावयाला ताट मिळतं, खुर्ची मिळते, दोष मिळत नाही. शेवटी मामांनी आपला निष्कर्ष काढला, मशीन अंगाने बारकी, तिला भार झेपला नाही, हार्टफेल झाली. "पंधरा वर्सां पोटच्या पोरीसारखी ठेवलंय, आणि माका न सांगता गेली. दगाबाज!" तिला त्यांनी गोठ्यामागे टाकलं. येता-जाता दोन शिव्या तिला, चार त्या कंपनीला. नवी मशीन घ्यायची ती दुसऱ्याच कंपनीची आणि थोराड, असं ठरलं. मिरगाच्या पावसाआत लाकडं खोपीत यायला हवी होती. माझ्याकडे गाडी होती आणि मनावर ओझं, त्यामुळे मामांना दुकानं दाखवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं.

ते दिवस मी विसरणार नाही. मामा तरुण झाले होते! मोबाईलवर कुठकुठल्या देशातले दाढीवाले गोरे बर्फात झाडं पाडताना बघत आणि मला सकाळी सहा वाजता फोन करत, "जावयबापू, उठलास तुमी? त्या गोऱ्याची चेन उलटी बसयलेली आसा, बघलास?" दुकानात जाताना त्यांनी बरोबर घरचा ताणकाटा घेतला आणि ऐनाचा एक सुका ओंडका घेतला. ओंडका टॉवेलात गुंडाळून माझ्या आणि त्यांच्या मध्ये ठेवला. मी म्हटलं, "मामानू, ह्यो कित्याक?" तर म्हणाले, "न्हवरो दाखयल्याशिवाय न्हवरी पसंत करतत काय खंय?"

खारेपाटणच्या दुकानात त्यांनी प्रत्येक मशीन ताणकाट्याला टांगून पाहिली आणि खोक्यावर छापलेलं वजन खोटं आहे असं भर दुकानात जाहीर केलं. नंतर कळलं, आमचाच काटा गंजला होता. कणकवलीच्या दुकानदाराने मोठ्या उत्साहाने बॅटरीवर चालणारी मशीन काढली. धूर नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही. तेल मिसळायचं नाही म्हटल्यावर माझा जीव तर तिच्यावर जडलाच. मामांनी तिच्या बारवरून बोट फिरवलं. "आवाज नाय?" त्यांनी विचारलं. "अजिबात नाही काका." "मगे झाडाक कळतलां कसां?"  आम्ही ओंडका उचलून बाहेर पडलो.

कुडाळच्या दुकानात मात्र मामांना हवी ती सापडली. बावीस इंची बार, रंगाने लालभडक, रेड्यासारखी. शेजारी त्या जुन्या कंपनीची नवी मशीनही होती, तीच बारकी चण, तोच अठरा इंची बार. दुकानदार म्हणाला, "काकानू, घरच्या लाकडांका हीच बरी." मामांनी बोलणं सोडलेल्या भावकीकडून मान फिरवावी तशी तिच्याकडून मान फिरवली आणि लाल मशीन उचलली. "ही बघा हाडापेराची!"

मामांचा डावा खांदा गेल्या वर्षी काजूवरून पडल्यापासून अधू आहे. शर्ट खुंटीला लावता येत नाही म्हणून माझ्या बायकोने भिंतीत खाली एक खिळा मारून दिला आहे. मशीनचं वजन येतं ते डाव्या हातावरच. मामांनी ती उचलली, दोन क्षण धरली, आणि बारचं टोक हळूहळू खाली येत काचेच्या टेबलाला टेकलं. मामा हसत होते, पण कपाळावर घाम होता. "हलकी आसा," ते म्हणाले. "बांधा."

दुकानदाराने सुतळी काढली. माझ्या डोळ्यांसमोर तो उतार आला, सुटे दगड, चालू मशीन आणि तो खांदा. खोट्या निदानावर हे औषध चाललं होतं आणि खरं निदान माझ्या पोटात होतं. मी तोंड उघडलं. पण मला घाम फुटला की माझ्या तोंडी कचेरीची भाषा येते.

"मामा, सदर मशीन बंद पडण्यास मी जबाबदार आहे."

"सदर मशीन? खंयची सदर मशीन?"

"जुनी. आपली. तुमी विजयदुर्गाक गेल्लास तेव्हा. कॅन रिकामो होतो. मी गाडयेतला पेट्रोल घातलंय. नुसता पेट्रोल. त्याल नाय."

दुकानदाराची गाठ अर्धी राहिली. मामा माझ्याकडे बघत होते.

"किती येळ चलली?"

"धा मिन्टां."

"त्याल नाय, आणि धा मिन्टां?"

"होय."

आणि मामांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो. त्यांनी टेबलावर थाप मारली. "शेटानू, आयकलास? त्यालाशिवाय धा मिन्टां! पंधरा वर्सांची म्हातारी ती! दुसरी असती तर दोन मिन्टांत आडवी पडली असती!" पाण्याचा पाईप घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकालाही त्यांनी दंडाला धरून हे सांगितलं. तोही बिचारा म्हणाला, "धा मिन्टां म्हणजे खूपच." "सोडा ती सुतळी! ती बारकी हाडा! तीच कंपनी, तीच!" बारकी मशीन मामांच्या डाव्या हातात आली आणि तिथेच राहिली. बार तसूभर खाली झुकला नाही. त्यांनी ती ओंडक्यावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. लाल रेडा परत फळीवर गेला. मी वाचलो, असं मला वाटलं.

बाहेर पायरीवर मामा खोकं मांडीवर घेऊन बसले.

"दगाबाज म्हटलंय मी तिका," ते म्हणाले. "गोठ्यामागे टाकलंय. उन्हात."

मी ओंडका पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागलो.

"आणि तू गप रवलंस. दोन म्हयने तू माका तिका गाळी घालूक दिलंस."

वीस वर्षांत मामांनी मला 'तू' म्हटलं नव्हतं. तो शब्द कुठल्याही शिवीपेक्षा लागला, आणि खोटं कशाला सांगू, जवळचाही वाटला.

परतताना नांदगावच्या तिठ्यावर त्यांनी माझा खांदा दाबला. "गाडी थांबव." मेकॅनिकचं दुकान उघडं होतं. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, 'सदर' वगळून. पण मी स्टँड लावायच्या आत मामा म्हणाले, "तू हयच रव." खोकं माझ्या हातात देऊन ते एकटे आत गेले. मला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"तू सांगलंस तां खरां रे. त्याल नव्हतां. माकाच इसार पडलो."

"तुमका? मामानू, तुमका इसार पडलो?"

"पडलो. वय झालां."

आतून मेकॅनिकच्या हसण्याचा आवाज आला, मग मामांच्या. कॅन चाळीस वेळा हलवणारा तो माणूस बाहेर आला, माझ्यामागे बसला आणि म्हणाला, "चल."

मिरगाच्या आत सगळी लाकडं खोपीत आली. मामांनी कापली, मी वाहिली आणि रचली, आणि माझा एकही तुकडा त्यांना पसंत पडला नाही. "अरे, जाड तोंड भायर कर! ढीग आसा तो, कचेरीतली फायल न्हय!" जुन्या मशीनला गोठ्यामागून आणून, पुसून, त्यांनी पडवीत नव्या मशीनच्या शेजारी ठेवलं आहे. बायकोला मी सगळं सांगितलं. मेकॅनिकलाही सांगतो, असं मामांना तीनदा म्हणून झालं. "गप रव," ते म्हणतात. "आता तो इसार माझो झालो."

तिठ्यावर आता सगळ्यांना ही गंमत कळली आहे. आमची गाडी दिसली की कुणीतरी ओरडतंच, "मामानू, त्याल घातलास मां?" मामा मागच्या सीटवरून हात वर करतात आणि हसत ओरडतात, "घातलंय रे, घातलंय!" मी गाडी जरा हळू करतो. मग त्यांचा दुसरा हात, तो दुखरा, माझ्या खांद्यावर हलकेच घट्ट होतो, आणि मी पुढे जातो.