पुराच्या सॅकमधली सुरी

नदी पायरीला लागली तशी मी सॅक भरायला घेतली. पक्कड, पाना, बॅटरी, दोर टाकून झालं आणि सुरीपाशी अडले. घडीचा चाकू उचलला, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यानं ओलं दावं तुटायचं नाही. स्वयंपाकघरातली मोठी सुरी घे."

दावं म्हणजे आमच्या गायीचं. पुरातून सोडवायला येणाऱ्या होडीत माणसंच घेतात. भिजलेली गाठ सुटत नाही, कापावी लागते. पुढं गाय पोहेल तिकडं, तिचं नशीब. हे घर उभं करायला किती हत्यारं लागली होती. सोडायला एक पातं पुरतं.

आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. एकीनं जमिनीवर ठेवायची, दुसरीनं उचलायची. सासूबाईंनी हा नेम कधी मोडला नाही. आताही त्या सुरी घेऊन सवयीनं वाकल्या. तोवर पाणी उंबरा ओलांडून घोट्याशी आलं होतं. फरशी दिसत नव्हती. त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या. मग उठल्या आणि सुरीची मूठ माझ्याकडे केली.

"घे हातातच. भांडायला घर कुठं उरलंय आता."