सतरंजीवाल्या मॅडम

बुधवारी मॅडमची स्कूटी विद्यापीठाच्या गेटातून आत आली की आधी सतरंजी दिसायची आणि मग मॅडम. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची ती अगडबंब सतरंजी घडी घालून पायाशी ठेवलेली, घडीवर मॅडमचे पाय, त्यामुळे गुडघे थेट हँडलपाशी, आणि वर हेल्मेट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई पाटावर बसून स्कूटी हाकतेय. गेटवरचे वॉचमन काका कडक सलाम ठोकायचे, सलाम परत करायला मॅडम एक हात सोडायच्या, आणि स्कूटी दर बुधवारी न चुकता डगमगायची. काका दोन्ही हात पसरून धावायचे. पडल्या मात्र एकदाही नाहीत.

त्या आम्हाला समाजशास्त्र शिकवायच्या. नावाच्या पाटीवर चांगलं लांबलचक नाव होतं, पण सगळं विद्यापीठ त्यांना सतरंजी मॅडमच म्हणायचं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी सांगताना मी स्वतः ऐकलंय, "हो हो, सतरंजी मॅडमच बोलतेय. बोला की!"

दुपारच्या जेवणानंतर ग्रंथालयामागच्या कडुनिंबाखाली ती सतरंजी पसरली जायची. चाळीस-पन्नास माणसं मावतील एवढी. चपला बाहेर, बूड खाली, एवढाच नियम. बोर्ड नाही, माइक नाही, पाहुण्यांचा परिचय नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मॅडम हाक मारायच्या, "बा, कुंद्रू!" म्हणजे ये, बस. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, त्यामुळे माया आली की कानडी आणि राग आला तरी कानडी. एकदा कुलगुरू बाहेरच्या पाहुण्यांना परिसर दाखवत तिकडून चालले होते. मॅडम बोलण्याच्या भरात, मागे वळून न बघताच ओरडल्या, "बा, कुंद्रू!" आता आली का पंचाईत! कुलगुरू दोन क्षण थबकले, मग निमूट बूट काढून बसले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला, आणि कुणीच पाहिला नाही असं दाखवताना आमची जी काही हालत झाली, ती काय सांगू! पुढे वर्षभर ते दिसले की आम्हाला त्यांची भीतीच वाटेना.

"उभा राहिला की माणूस भाषण ठोकतो," मॅडम म्हणायच्या, "आणि बसला की बोलतो. म्हणून आधी बसा."

मी सांगोल्याची. पहिल्या सत्रात मी तोंड उघडायची, त्यातून "न्हाय" बाहेर पडायचं, मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसायचं आणि मी पुन्हा तोंड मिटायची. तशी मी गप्प बसणारी नव्हे हो. घरी माझ्या जिभेला हाड नाही म्हणून ओरड होती. इथे मात्र मी पार मुकी झाले होते आणि दिवाळीला गेले की परत यायचंच नाही, असं ठरवून टाकलं होतं. मॅडमनी मला पाण्याच्या नळापाशी गाठलं. "बुधवारी बोलणी खायचा कार्यक्रम आहे. घरात कोण तुला झकास बोलतं?" मी म्हटलं, "आत्या." "मग आत्याला घेऊन ये," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या बुधवारी जो तो आपल्या घरातल्या बोलण्याची नक्कल करत होता. मुदस्सरने त्याच्या अम्मीची केली, "उठता क्या नै रे? सूरज सर पे आ गया, और नवाब को चादर छूटती नक्को!" विणकरांच्या घरातल्या लावण्याने आजीची तेलुगू अशी काही झाडली की एक अक्षर न समजता आम्ही सगळे आपापल्या जागी शरमलो. मग मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. मी डोळे मिटले आणि आत्याला सोडलं मोकळं. "आगं ए भवाने! कुटं उंडारतीस? हितं दूद उतू चाललंय न् तुजं ध्यान कुटं हाय? शिकून कलेक्टर व्हनार, आन् चुलीवरचं दूद दिसंना व्हय गं!" सतरंजीवर लोक आडवे पडले. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की लोक मला हसत नव्हते, आत्याला हसत होते, आणि प्रत्येकाच्या घरात एक आत्या होती. दिवाळीला गेले ती चकल्या घेऊन परत आले.

आता मी गप्प होते तेच बरं होतं, असं लोकांना वाटायला फार दिवस लागले नाहीत. एका बुधवारी विषय निघाला पाण्याचा. अकलूजची राजश्री उसाबद्दल काहीतरी साधंच बोलत होती, आणि माझं टाळकं सटकलं. "आमी घागरी घिऊन टँकरमागं पळायचं, आन् तुमी पाटाचं पानी उसात सोडून झोपायचं!" ती काय ऐकून घेणार? "मग तुमची डाळिंबं काय वाऱ्यावर पिकत्यात व्हय गं?" झालं! मी उभी राहिले, ती उभी राहिली. मॅडम खालून दोघींच्या ओढण्या ओढतायत, "कुंद्रू, कुंद्रू," आणि आम्ही कसल्या ऐकतोय. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. एकच वर्ग, एकच वसतिगृह, जेवणाच्या रांगेत एकीमागे एक, आणि तोंडं दोन दिशांना.

समजूत घालणं हा प्रकार मॅडमना ठाऊकच नव्हता. त्यांच्याकडे वेगळाच इलाज होता. एवढी मोठी सतरंजी एकट्याने घडी करता येत नाही, त्याला दोघं लागतात. कार्यक्रम संपला की मॅडम चष्मा वर सरकवून सगळ्यांवर नजर फिरवायच्या आणि नेमकी अशी दोन माणसं निवडायच्या ज्यांचं आपसात जमत नाही. कुणाचं कुणाशी वाजलंय, हे त्यांना कुठून कळायचं देव जाणे. पुढच्या बुधवारी त्यांचं बोट फिरलं. "सांगोला इकडून धर. अकलूज तिकडून."

बरं, घडीही साधी नव्हे. अर्धी केली तर ती स्कूटीवर मावायची नाही, म्हणून लांबीत तिहेरी घालावी लागायची. आधी झटकायची, मग डावा तिसरा भाग आत, मग उजवा त्यावर, आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. पहिल्यांदा ती कुणालाच जमत नसे. मी रागाने असा झटका दिला की सगळी माती राजश्रीच्या तोंडावर. तिने सवाई झटका दिला, माझ्या नाकात कडुनिंबाचं पान. मी डावा भाग आत घेतला तर तिनेही तिचा डावा घेतला, आणि सतरंजीला पीळ पडला. "तुजा डावा न्हाय, माजा डावा!" मी ओरडले. आठवड्यानंतरचं माझं तिच्याशी पहिलं वाक्य हे. शेवटी टोकाला टोक जुळवायला समोरासमोर आलो, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, आणि तिला जी शिंक आली ती थेट माझ्या तोंडावर. आम्ही दोघी त्या घडीवरच कोसळलो, हसून हसून. पाण्यावरून आमचं आजही भांडण होतं. फक्त आता ते माझ्या नाहीतर तिच्या घरी, जेवता जेवता होतं.

अशा किती जोड्या मॅडमनी जुळवल्या. कारकून आणि संशोधक, शहरवाले आणि वसतिगृहवाले, निवडणुकीत एकमेकांची पोस्टरं फाडलेली पोरं. एकच माणूस त्या सतरंजीवर कधी बसला नाही, त्या म्हणजे भूगोलाच्या मॅडम.

भूगोलाच्या मॅडम म्हणजे इस्त्रीची साडी, ताठ मान, आणि समोरून आल्या की आपण उगाच शर्टाची बटणं तपासावीत असा दरारा. त्यांचा विभाग कडुनिंबाच्या समोरच. दर बुधवारी त्या पायऱ्या उतरायच्या, सतरंजीला वळसा घालायच्या आणि निघून जायच्या. आमच्या मॅडम त्या वेळी हटकून दुसरीकडे बघायच्या. जिला तिला "बा, कुंद्रू" म्हणणारी बाई नेमकी तेव्हा मुकी व्हायची. ऑफिसातल्या शिपाईमामांनी आम्हाला सांगितलं की पूर्वी दोघी एका डब्यात जेवायच्या. मग प्राध्यापकांच्या एका बैठकीत, सतरंजीवरून, भूगोलाच्या मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे विद्यापीठ आहे की गड्ड्याची जत्रा?" आणि तिथे जे तुटलं ते तुटलंच. आम्हाला हे कळल्यावर राग आला, अगदी खराखुरा. आम्हाला घड्या घालायला लावता आणि स्वतःचं काय?

हे कळलं तेव्हा मॅडम निवृत्त व्हायला आल्या होत्या. नंतर मुलीकडे हुबळीला जाऊन राहणार होत्या. राजश्री म्हणाली, "ह्या दोघी अशाच ग्येल्या तर काय उपेग त्या सतरंजीचा?" मलाही तेच वाटत होतं. आता ह्या दोघींनी ती सतरंजी धरल्याशिवाय मॅडमना गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं आमचं ठरलं.

बेत तर एकाहून एक निघाले. मुदस्सर म्हणाला, भूगोलाच्या मॅडमच्या गाडीपुढे सतरंजी अंथरू, जाणार कुठे? लावण्या म्हणाली, सतरंजीवर मोठा नकाशा काढू आणि मुद्दाम नद्या चुकवू, त्या दुरुस्त करायला धावत येतील. नद्यांचा बेत मला फार आवडला होता. पण शेवटी राजश्रीने माझा हात धरला आणि सरळ त्यांच्या केबिनमध्ये नेलं. एरवी माझी जीभ चालते, तिथे मात्र मी राजश्रीच्या मागे सरकले. राजश्रीच बोलली, "मॅडम, बुधवारी याल का? शेवटची सतरंजी हाय."

भूगोलाच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळ्या विद्यापीठाला बोलावलं तिने," त्या म्हणाल्या. "कुत्र्या-मांजराला बोलावलं. मला एकदा तरी म्हणाली का, ये म्हणून? मी दर बुधवारी समोरून जात होते की."

नमस्कार करून बाहेर पडलो. आमचा बेत बोंबलला होता.

निरोपाचा रीतसर समारंभ सकाळी सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, सोलापुरी चादर, आणि मॅडमना ज्यांचा कंटाळा तीच भाषणं, तीही उभ्याने. दुपारी मात्र कडुनिंबाखाली इतकी माणसं आली की सतरंजी पुरेना. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली, कुणाची चटणी खरी यावर वाद झाला, वॉचमन काकांनी मॅडमच्या स्कूटीची नक्कल करून दाखवली आणि मॅडम हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग ऊन कलंडलं. मॅडम उठल्या, चष्मा वर सरकवला आणि नेहमीसारखी नजर फिरवली.

मी उभी राहिले. "मॅडम, आज तुमी न्हाय निवडायचं. एक टोक तुमी धरायचं."

"आणि दुसरं?"

मी बोट दाखवलं. समोरच्या पायऱ्यांवर भूगोलाच्या मॅडम येऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या ताठ, हातात पर्स. उतरत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. आमच्या मॅडमनी सवयीने मान दुसरीकडे वळवली, तर तिकडे आम्ही. पुन्हा वळवली, तर तिकडेही आम्हीच. मग त्यांनी खाली वाकून सतरंजीचं एक टोक उचललं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. आम्ही भराभर बाजूला झालो.

भूगोलाच्या मॅडम पायऱ्या उतरल्या, चपला काढल्या, पर्स माझ्या हातात दिली आणि दुसरं टोक धरलं. झटका बसला. धूळ उडाली. आणि मग आम्ही बघतच राहिलो, कारण कुणी काही न सांगता त्यांनी डावा तिसरा भाग आत घेतला, मग उजवा त्यावर, एक सुरकुती न पडू देता. आम्हाला शिकायला जन्म गेला ती घडी त्यांना आधीपासून येत होती. आमच्याही आधी ती सतरंजी ह्याच दोघी घालत आणि काढत होत्या.

"अजून डावीकडे ओढतेस," आमच्या मॅडम म्हणाल्या.

"अजून तू माती नीट झटकत नाहीस, नंदा."

नंदा! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मॅडमना असं नुसत्या नावाने हाक मारणारं कुणी असेल, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. दोघी चालत समोरासमोर आल्या. टोकाला टोक लागलं, हाताला हात लागला. आता घडी एकीने सोडायची आणि दुसरीने घ्यायची. पण दोघींनीही सोडली नाही.

"बा," आमच्या मॅडम म्हणाल्या. "बा विजया, कुंद्रू."

"आत्ता म्हणतेस?" भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. "घडी घालून झाल्यावर? आता बसू कशावर, तुझ्या डोक्यावर?"

आमच्या मॅडमनी त्या तिहेरी घडीला असा काही हिसका दिला की सगळी सतरंजी फडफडत पुन्हा उलगडली आणि मुदस्सर तिच्याखाली गेला. मग जो काही गोंधळ उडाला! टाळ्या, शिट्ट्या, राजश्री मला मिठी मारून रडतेय, मी त्या पर्सने डोळे पुसतेय, वॉचमन काका विनाकारण सगळ्यांना सलाम ठोकतायत. सगळे पुन्हा खाली बसले. भूगोलाच्या मॅडम मधोमध बसल्या, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब सोडून, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, "चटणी उरली आहे का?"

त्या दिवशी आम्हाला सुट्टीला न्यायची सांगोल्याची बस गेली, अकलूजची गेली, शहरातल्यांच्या घरून फोन यायला लागले. एक एक करून आम्ही उठलो. मॅडमच्या पाया पडलो, रडलो, पुन्हा हसलो. चपला घालता घालता सवयीने मी विचारलं, "मॅडम, सतरंजी कोण घडी करणार?"

त्यांनी ऐकलंच नाही. त्या एवढ्या मोठ्या सतरंजीवर दोघीच उरल्या होत्या, चटणीचा डबा मध्ये ठेवून, दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. राजश्रीने मला ओढलं. "चल गं," ती म्हणाली, "दोघी हायत की."